शिपायाचे गाव आणि शिपायाचे मत

साताऱ्याहून पुणे-बंगळूर रस्त्याने दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाने कोयनेचा पूल ओलांडला की मलकापूर लागते. मलकापूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. एक शाहूवाडीकडचे, दुसरे बुलढाण्याचे. येथे अभिप्रेत आहे ते कराडच्या शेजारचे, आगाशिवाच्या डोंगराच्या सावलीत वसलेले मलकापूर. निवडणुकीच्या दिवशी येथील शाळेच्या ओसरीवर जे दृश्य दिसते ते महाराष्ट्रातील कोणत्याही गावी दिसावे तसेच असते. रांगा लागतात, नावे पुकारली जातात, बोटास शाई लागते आणि यादीतील नावांवर एकेक खूण होत जाते. परंतु ह्या गावचे काही मतदार असे असतात की त्यांची नावे ह्या ओसरीवर कोणी पुकारीत नाही. ती नावे मलकापूर ज्या कराड दक्षिण मतदारसंघात मोडते त्याच्या मतदारयादीच्या अगदी शेवटच्या भागात, निराळी लिहिलेली असतात. नावापुढे पत्ता असतो तो वाड्याचा अथवा गल्लीचा नव्हे, पलटणीचा. हे सैन्यात असलेले मतदार होत.

सातारा जिल्ह्याला ह्या शेवटच्या भागाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या मराठा पलटणीचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो, तिच्या भरतीला ह्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे दिली. ह्याच जिल्ह्यातील अपशिंगे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ ह्याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामास आले आणि त्यांचे स्मारक गावात उभे आहे. ज्या मुलखात घरटी एखादा माणूस फौजेत असण्याची रीत, तेथे एक प्रश्न सहजच उभा राहतो. शिपाई राहतो कोठे? छावणीत तो आज आहे, उद्या नाही. गावी त्याचे घर आहे, शेत आहे, आईबाप आहेत, परंतु तो स्वतः तेथे नाही. मग गावचा प्रतिनिधी निवडताना त्याचे मत मोजावयाचे की नाही, आणि मोजावयाचे तर कोणत्या गावात?

हा प्रश्न एकट्या साताऱ्याचा नाही. ज्या अमेरिकेस आधुनिक निवडणुकीचे माहेरघर समजतात तेथेही तो प्रथमपासून होता, आणि तेथील जुन्या कागदपत्रांत त्याची नोंद मोठ्या विस्ताराने सापडते. अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वीची, १७५८ मधील गोष्ट आहे. व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळासाठी फ्रेडरिक परगण्यातून जॉर्ज वॉशिंग्टन उभा राहिला होता. त्यावेळी तो व्हर्जिनियाच्या पलटणीचा कर्नल असून सरहद्दीवर कंबरलंडच्या किल्ल्यापाशी तळ देऊन होता. निवडणुकीसाठी परत जाण्याची परवानगी मिळत असूनही तो गेला नाही. त्याच्या मित्रांनी त्याच्या वतीने मतदारांची सरबराई केली, आणि तीत मद्याचा पूर वाहिला. त्या काळी तेथे मत गुप्त नसे. मतदार अंमलदारापुढे उभा राहून मोठ्याने उमेदवाराचे नाव घेई आणि कारकून ते लिहून घेई. २४ जुलै १७५८ रोजी अशा रीतीने वॉशिंग्टनला ३०९ मते पडली. कोणी कोणास मत दिले त्याची यादी त्याच्या कागदपत्रांत आजही आहे. उमेदवार स्वतः सैनिक म्हणून दूर असूनही निवडून आला खरा, परंतु त्याच्या हाताखालचा शिपाई, जो त्याच तळावर होता, त्याला मत देण्याची सोय नव्हती. शिवाय मतदार होण्यास जमिनीची मालकी लागे, ती साध्या शिपायाजवळ बहुधा नसेच.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकांचे आकडे तर एखाद्या मध्यवर्ती कचेरीत जपून ठेवण्याची व्यवस्थाही अमेरिकेत नव्हती. १७८८-८९ मध्ये वॉशिंग्टन अध्यक्ष झाला त्या निवडणुकीत दहाच राज्यांनी भाग घेतला आणि प्रत्येकाची रीत निराळी होती. कोठे लोकांनी मते दिली, कोठे विधिमंडळानेच निवड उरकली. मतांचे आकडे स्थानिक वर्तमानपत्रांत छापले जात आणि त्या कागदांबरोबरच विसरले जात. फिलिप लँपी नावाच्या एका गृहस्थाने १९६० नंतरच्या दशकात ते वेचून काढण्याचा ध्यास घेतला आणि ग्रंथालयांतील जीर्ण वर्तमानपत्रे चाळून हाताने उतरवून घेण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. त्याने जमविलेले १७८७ ते १८२५ पर्यंतचे निकाल वूस्टर येथील अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या द्वारे आता सर्वांस पाहावयास मिळतात. मत देणे हे जितके महत्त्वाचे तितकेच ते लिहून ठेवणेही महत्त्वाचे, हे त्या खटाटोपावरून ध्यानात येते.

शिपायाच्या मताचा प्रश्न अमेरिकेत खरा पेटला तो यादवी युद्धात. पेनसिल्व्हेनिया राज्याने १८१३ मध्येच कायदा करून लढाईवर असलेल्या सैनिकांस मत देण्याची मुभा दिली होती. पुढे १८६१ मध्ये लुझर्न परगण्यातील सरकारी वकिलाच्या जागेची निवडणूक झाली, आणि छावणीतून आलेली मते धरली तर एक उमेदवार जिंके, वगळली तर दुसरा. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १८६२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, घटनेप्रमाणे मतदाराने आपण जेथे राहतो त्या विभागात मत दिले पाहिजे, आणि लष्कराचा तळ हा काही त्याचा विभाग होऊ शकत नाही. सैनिकांची मते बाद झाली. देशासाठी गाव सोडले म्हणून गावातील मत गेले, असा त्या निर्णयाचा अर्थ लोकांनी घेतला, आणि १८६४ मध्ये त्या राज्याने घटनाच दुरुस्त करून घेतली.

त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत उत्तरेकडील १९ राज्यांनी सैनिकांस रणभूमीवर मतदान करू दिले. त्याच्या दोन पद्धती होत्या. काही राज्यांत तळावरच मतदान होई. शिपाई आपल्यातूनच निरीक्षक व कारकून निवडीत, पेटी ठेवीत, मत देणाऱ्याचे नाव व त्याचा परगणा वहीत लिहीत आणि वही राज्याकडे धाडीत. मत टाकले जाई ते तंबूत, परंतु मोजले जाई ते त्याच्या घरच्या परगण्यात. न्यूयॉर्कसारख्या राज्यात दुसरी रीत होती. तेथे शिपाई आपली मतपत्रिका पाकिटात बंद करून घरच्या माणसाकडे पाठवी आणि तो माणूस ती गावच्या मतदानकेंद्रात नेऊन देई. ह्या पाकिटांत हातचलाखी केल्याबद्दल काही दलालांस त्याच वर्षी पकडले गेले, ह्यावरून त्या पद्धतीतील धोकाही दिसून येतो. इंडियाना राज्यात मात्र ह्यांपैकी कोणतीच सोय नव्हती. म्हणून लिंकनने १९ सप्टेंबर १८६४ रोजी सेनापती शर्मन ह्यास पत्र लिहून, सैन्यास धोका न होता जितके शिपाई मतदानापुरते घरी धाडता येतील तितके धाडावे, अशी विनंती केली. लिंकनविरुद्ध उभा होता तो मॅक्लेलन, ह्याच शिपायांचा एके काळचा लाडका सेनापती. तथापि ज्या राज्यांत सैनिकांची मते निराळी मोजली गेली तेथे चार मतांतील तीन मते लिंकनला पडली. लढाईचा भार ज्यांच्या अंगावर होता त्यांनीच ती तडीस न्यावी असा कौल दिला. मतदानाच्या त्या वह्यांपैकी कित्येक आजही दप्तरखान्यांत आहेत, आणि लढाईत नाहीसे झालेल्या माणसाच्या नावाची अखेरची नोंद कधी कधी त्यांतच मिळते.

आता पुन्हा साताऱ्याकडे वळावयास हरकत नाही, कारण येथे ह्याच प्रश्नाने अगदी निराळे रूप घेतले. इंग्लंडात १९१८ च्या कायद्याने युद्धात असलेल्या तरुणास १९ व्या वर्षी मत मिळाले, जे इतर पुरुषांस २१ व्या वर्षी मिळे. त्याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. १९१६ च्या एप्रिलात पडलेल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांचे शिपाई होते, आणि त्यांतील पुष्कळ बंदिवासातून परत आलेच नाहीत. परत आले त्यांच्या गावी १९१९ च्या सुधारणा येऊन पोहोचल्या. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी खेड्यातील मतदार कोण, तर सातारा जिल्ह्यासारख्या भागात ज्याची जमीन ३२ रुपये साऱ्याची आहे तो. एवढी जमीन गावात कितीजणांपाशी असणार? परंतु नियमांत सैन्यातून निवृत्त झालेल्यांसाठीही दार ठेवलेले होते. त्यामुळे ज्याच्या नावावर दोन पट्ट्यांपलीकडे रान नाही असा एखादा पेन्शनर, पाटलाच्या आणि सावकाराच्या पंक्तीस मतदार म्हणून जाऊन बसू शकला. गावच्या जुन्या उतरंडीला हा एक लहानसा धक्काच होता.

तरीही त्या मताचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ते हक्क म्हणून आले नव्हते, चाकरीचे बक्षीस म्हणून आले होते, आणि परत आलेल्याचे होते. १९३५ च्या कायद्याने साऱ्याची अट आठ रुपयांवर आणली, लष्करातून निवृत्त, पेन्शन मिळालेले आणि नाव कमी झालेले शिपाई मतदार ठरविले, आणि एक नवे कलम घातले. शिपायाच्या मागे ज्या विधवेला अथवा ज्या आईला सरकारी पेन्शन चालू आहे, तिलाही मत मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे तीन कोटी, आणि त्यांत स्त्रिया थोड्या. ज्या खेडवळ बाईपाशी जमीन नाही, जिला अक्षर येत नाही, ती मतदार होण्याचा एक मार्ग असा होता की तिचा मुलगा लढाईत मरावा. मुलाच्या मृत्यूने तिला पेन्शन आली आणि पेन्शनीच्या कागदाने मत आले. कॅनडातही १९१७ मध्ये सैनिकांच्या आया, बायका, विधवा आणि बहिणींना अशाच रीतीने मत मिळाले होते. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हा गौरव होता. त्या मातेच्या दृष्टीने तो काय होता हे कोणत्याही यादीत लिहिलेले नाही. यादीत एवढेच असावयाचे की ती पात्र आहे, आणि कशामुळे पात्र आहे.

स्वातंत्र्य आले तेव्हा ही सारी चौकट मोडावयाची होती. घटना तयार होण्यापूर्वीच, १९४७ च्या अखेरीपासून, घटनासमितीच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या मतदारयाद्यांची पूर्वतयारी आरंभिली. सारा, शिक्षण, पेन्शन ह्यांपैकी काहीही विचारावयाचे नाही, वय २१ पुरे असले म्हणजे झाले. पण पात्रतेच्या जागी आता वास्तव्य हा मुख्य प्रश्न झाला, आणि तेथे शिपाई पुन्हा आडवा आला. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमाने त्याचे जे उत्तर दिले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. सैन्यात असलेला माणूस, नोकरी नसती तर सामान्यतः ज्या मतदारसंघात राहिला असता, तेथेच तो राहतो असे कायदा मानतो. आणि ते गाव कोणते, ह्याबद्दल शिपायाने स्वतः लेखी सांगितले की उलट पुरावा नसेल तर तेच खरे धरावयाचे. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायाधीशांनी १८६२ मध्ये जो अडसर घातला होता तो येथे एका वाक्याने दूर झाला. मलकापूरचा जवान लडाखात असो की नागालँडात, कायद्याच्या दृष्टीने तो मलकापुरातच राहतो.

ह्याच वेळी एक विपरीत गोष्टही घडली. दूर असलेल्या शिपायाला गावात धरणाऱ्या त्या पहिल्या याद्यांतून घरात बसलेल्या लाखो स्त्रिया गळाल्या. मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत कित्येक बायकांनी परक्या कारकुनापुढे आपले नाव सांगितले नाही, अमक्याची आई अथवा तमक्याची बायको एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी अशी नोंद चालणार नाही असे ठरविले. नाव सांगण्यास मुदत वाढवून देऊनही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे अखेर वगळावी लागली. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललेल्या त्या निवडणुकीत एकूण मतदार होते सुमारे १७ कोटी ३२ लाख. वगळण्याचा तो निर्णय कठोर वाटला तरी त्यामागील तत्त्व १९३५ च्या कलमाच्या नेमके उलट होते. कोणाची आई म्हणून मत नाही, स्वतःच्या नावाने मत.

कायद्याने शिपायास गाव दिले. परंतु ते मत गावापर्यंत पोहोचवावयाचे काम टपालाकडे होते. उमेदवारांची अंतिम यादी ठरल्यावाचून मतपत्रिका छापता येत नाही. ती छापून निवडणूक निर्णय अधिकारी पलटणीच्या पत्त्यावर धाडणार. शिपाई खूण करून ती आतल्या पाकिटात घालणार, साक्षांकित प्रतिज्ञापत्रासह ते बाहेरच्या पाकिटात घालणार, आणि मतमोजणी सुरू होण्यापूर्वी ते परत पोहोचले पाहिजे. पोहोचण्यास उशीर झाला तर पाकीट उघडावयाचे देखील नाही, असा नियम. पूर्वी अर्ज मागे घेण्याचा दिवस आणि मतदान ह्यांत निदान वीस दिवस असत. १९९६ मध्ये प्रचाराचा काळ आटोपता व्हावा म्हणून ते चौदा करण्यात आले. शहरातील मतदारास त्याने काही फरक पडला नाही. हिमालयातील चौकीवर, जेथे बर्फाने वाट बंद झाली की पत्र आठवडे अडकते, तेथे मात्र मुळातच तोकडा असलेला अवधी आणखी तोकडा झाला.

ह्यावर पहिला उपाय निघाला तो २००३ मध्ये. सैनिकाने गावातील एखाद्या विश्वासू माणसास आपला प्रतिनिधी नेमावे आणि त्याने मतदानकेंद्रावर जाऊन शिपायाच्या वतीने मत द्यावे, अशी सवलत कायद्यात आली. न्यूयॉर्कच्या पाकिटांचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणावी. असा प्रतिनिधी स्वतःही मतदार असला तर त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागते ती त्याच्या स्वतःच्या मताची, आणि मधल्या बोटाला लागते ती शिपायाच्या मताची. हा प्रतिनिधी कोण असावा? बाप, भाऊ, आणि आईही असू शकते. जिच्या आजेसासूला मुलगा गेल्यावाचून मत मिळण्याचा संभव नव्हता, ती आज एक मत स्वतःच्या नावाने देते आणि दुसरे, जिवंत असलेल्या मुलाच्या वतीने देते. जवळजवळ लागलेल्या शाईच्या दोन खुणांत ह्या शंभर वर्षांचा सारा प्रवास येऊन जातो.

दुसरा उपाय निघाला २०१६ मध्ये. नियम बदलून कोरी मतपत्रिका शिपायाकडे विद्युत्‌मार्गे धाडण्याची सोय झाली आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीतील नेल्लितोप येथील पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली गेली. जाण्याचा वेळ वाचला, परतीचा प्रवास मात्र टपालानेच राहिला. मधल्या काळात, २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शांततेच्या ठिकाणी नेमणूक असलेल्या सैनिकांस तेथील साधारण मतदार म्हणूनही नोंद करू द्यावी असे सांगितले. म्हणजे आपले गाव कोणते मानावयाचे, घरचे की नेमणुकीचे, ही निवड काही अंशी शिपायाच्याच हाती आली. शेवटची दुरुस्ती २०२१ ची. तोवर सैनिकाबरोबर राहणाऱ्या बायकोस ह्या सवलतीचा लाभ मिळे, परंतु सैन्यात असलेल्या स्त्रीच्या नवऱ्यास मिळत नसे, कारण कायद्यात शब्द होता ‘पत्नी’. त्या जागी नवरा किंवा बायको ह्या दोघांसही लागू पडणारा शब्द घालण्यात आला.

मतपत्रिका टिकत नाहीत. ठराविक मुदतीनंतर त्या नष्ट होतात आणि गुप्त मतदानाच्या राज्यात ते योग्यच आहे. फ्रेडरिक परगण्यातील यादीप्रमाणे कोणी कोणास मत दिले हे येथे पुढच्या संशोधकास कधीच कळणार नाही. मागे उरावयाची ती नावे. म्हणून ज्या घरातील मुलगा अथवा मुलगी सैन्यात आहे, त्या घराने निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता यादीचा शेवटचा भाग एकदा डोळ्यांखालून घालावा, नाव आहे की नाही, पलटणीचा पत्ता बदलला असेल तर तो नवा लागला आहे की नाही, हे पाहून घ्यावे आणि चूक दिसल्यास पत्राने कळवावे. अपशिंग्याच्या स्मारकाशी गाव दरवर्षी नतमस्तक होते. ते स्मरण परत न आलेल्यांचे. यादीचा शेवटचा भाग परत येणाऱ्यांचा आहे, आणि त्याची निगा राखणे गावाच्या हाती आहे.